विश्लेषण : आयसीयूत मानेतून हृदयाजवळ जाणारी नळी आली कुठून? तिच्यामुळे ठोके का चुकतात?

स्वतःच्याच हातातून हृदयापर्यंत नळी घालणारे जर्मन डॉक्टर वर्नर फोर्समन यांना १९५६ मध्ये नोबेल मिळाले. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात आज हजारो रुग्णांच्या मानेत दिसणाऱ्या नळीची सुरुवात त्यांच्यापासून होते. त्या नळीबरोबर येणाऱ्या ठोक्यांच्या गडबडीची भीती त्यांच्या वरिष्ठांना होती. ती भीती खरी होती का?

देवळ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत. पण बायपास किंवा हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया म्हटली की गाडी भावडबारी ओलांडून चांदवडमार्गे नाशिककडेच निघते. शस्त्रक्रिया पार पडते, रुग्णाला अतिदक्षता विभागात आणतात आणि घरच्या एखाद्याला पाच-दहा मिनिटांसाठी आत सोडतात. त्या वेळात नजर दोन गोष्टींवर खिळते. मानेतून निघालेली, टाके घालून कातडीला पक्की केलेली, दोन-तीन फाटे असलेली नळी. आणि मॉनिटरवर सरकणारी रेघ. मधेच ती रेघ वेडीवाकडी उसळते, अलार्म वाजतो. सिस्टर येऊन पाहते, बटण दाबते आणि पुढच्या रुग्णाकडे जाते. आत गेलेला माणूस बाहेर येऊन गावी फोन करतो की ठोके चुकताहेत. निरोप उमराण्याला किंवा लोहोणेरला पोहोचेपर्यंत त्याचा दुसरा अटॅक झालेला असतो.

बहुतेक वेळा तो अटॅक नसतो. अशा उसळीची कारणे अनेक असतात आणि त्यातले एक कारण ती नळीच असू शकते.

कोण होते वर्नर फोर्समन?

फोर्समन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिनमध्ये झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले तेव्हा मुलगा शाळेत होता. आई आणि आजीने त्याला वाढवले. १९२२ मध्ये बर्लिन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, १९२९ मध्ये शेवटची सरकारी परीक्षा पार पडली आणि हा नवा डॉक्टर एबर्सवाल्डे येथील ऑगस्टे व्हिक्टोरिया रुग्णालयात शस्त्रक्रिया शिकायला गेला. एबर्सवाल्डे हे बर्लिनच्या ईशान्येला साधारण ५० किलोमीटरवरचे छोटे शहर. संशोधनासाठी कुणी मुद्दाम जावे असे ते ठिकाण नव्हते. तिथले मुख्य शल्यचिकित्सक रिचर्ड श्नायडर हे फोर्समन कुटुंबाच्या ओळखीतले होते.

त्या काळात शस्त्रक्रिया सुरू असताना हृदय बंद पडले तर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. एक उपाय होता, लांब सुई छातीतून थेट हृदयात खुपसून अॅड्रेनालिन द्यायचे. सुई आंधळेपणाने जायची. वाटेत फुप्फुस फाटू शकत होते, हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चिरली जाऊ शकत होती. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठून, वाचवायला घेतलेला रुग्ण त्याच उपायाने दगावण्याचा धोका होता.

फोर्समन यांचा विचार तसा साधा होता. शरीरातली प्रत्येक शीर शेवटी हृदयाकडेच जाते. मग छाती फोडून आत शिरण्याऐवजी शिरेतूनच का जाऊ नये? हा विचार सुचला तो एका जुन्या चित्रावरून. फ्रेंच शास्त्रज्ञ शोव्हो आणि मारे यांनी १८६१ च्या सुमारास घोड्याच्या मानेतील शिरेतून नळी हृदयात घालून आतला दाब मोजला होता. त्या प्रयोगाचे चित्र फोर्समन यांनी विद्यार्थी असताना पाहिले होते. घोडा मेला नव्हता. घोड्याला चालते तर माणसाला का चालू नये, एवढाच प्रश्न होता. आणि तो विचारायला एबर्सवाल्डेपेक्षा मोठे रुग्णालय लागत नव्हते.

परवानगी नव्हती, तरी प्रयोग कसा झाला?

श्नायडर यांनी नकार दिला. आधी प्राण्यांवर करून बघ, असा त्यांचा सल्ला होता. स्वतःवर करतो म्हटल्यावरही नकारच आला. एका विधवेच्या एकुलत्या एक मुलाचा मृतदेह तिच्या दारात नेण्याची वेळ कुणा वरिष्ठाला आपल्यावर यायला नको असते, हे समजण्यासारखे आहे.

पुढचे घडले ते १९२९ च्या उन्हाळ्यात. त्याचा तपशील मुख्यतः फोर्समन यांनीच म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रातून आलेला आहे, त्यामुळे तो एका बाजूचा आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. निर्जंतुक साहित्याच्या कपाटाच्या चाव्या गेर्डा डिट्झन या नर्सकडे होत्या. फोर्समन यांनी आपली कल्पना त्यांना समजावून सांगितली. डिट्झन यांना ती पटली, इतकी की प्रयोग आपल्यावरच करा, असे त्या म्हणाल्या. दुपारी रुग्णालय शांत असताना त्या टेबलावर आडव्या झाल्या. फोर्समन यांनी त्यांचे हातपाय बांधले, हाताला आयोडिन लावले आणि मग त्यांना दिसणार नाही अशा बेताने स्वतःच्या डाव्या कोपराजवळची जागा बधिर करून तिथली शीर उघडली. लघवीच्या मार्गात घालायची, ६५ सेंटीमीटर लांबीची बारीक नळी त्यांनी तेल लावून आत सरकवली. डिट्झन यांच्या लक्षात आले तेव्हा नळी बरीच आत गेली होती.

या प्रसंगाकडे नेहमी शौर्यकथा म्हणून पाहिले जाते. पण ज्या बाईने विश्वासाने स्वतःला पुढे केले तिला फसवून बांधून ठेवलेले होते, ही गोष्ट त्या शौर्यातून वगळता येत नाही. फोर्समन यांना तिचा जीव धोक्यात घालायचा नव्हता आणि तिच्या चाव्याही हव्या होत्या.

डिट्झन यांना मोकळे केल्यावर दोघे खालच्या मजल्यावरच्या एक्स-रे खोलीत गेले. फोर्समन जिने उतरत होते तेव्हा नळी हाताच्या शिरेत तशीच लटकत होती. एक्स-रेच्या पडद्यासमोर आरसा धरून नळी कुठवर पोहोचली ते त्यांनी पाहिले. पीटर रोमाइस हा सहकारी डॉक्टर धावत आला आणि नळी ओढून काढू पाहू लागला. फोर्समन यांनी त्याच्या नडगीवर लाथ मारून त्याला दूर ठेवले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. नळी जवळजवळ पूर्ण आत सरकवली आणि चित्र काढले. टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात होते. शिरेच्या भिंतीला नळी घासते तिथे ऊब जाणवली आणि थोडी खोकल्याची उबळ आली. याहून वेगळा त्रास त्यांनी नोंदवला नाही.

वरिष्ठांची भीती खोटी होती का?

पूर्णपणे नाही. हृदयाच्या आतून बाहेरची वस्तू लागली तर ते थांबेल, ही समजूत फोर्समन यांनी मोडीत काढली. पण हृदयाला स्पर्श कळतो, आणि तो आवडत नाही, हे खरेच आहे.

हृदयाचे ठोके विजेवर चालतात. उजव्या वरच्या कप्प्यात, जिथे डोके व हात यांच्याकडून येणारी मोठी शीर उघडते, त्या सांध्यापाशी पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो ठरावीक वेळाने विजेचा इशारा सोडतो. इशारा वरच्या दोन कप्प्यांतून मधल्या गाठीपर्यंत येतो, तिथे क्षणभर थांबतो आणि मग डाव्या-उजव्या दोन फांद्यांमधून खालच्या कप्प्यांत पसरतो. पण गंमत अशी की हृदयाच्या स्नायूतली जवळजवळ कुठलीही पेशी डिवचली गेली तर स्वतःच इशारा सोडू शकते. लेझीम पथक हलगीच्या तालावर नाचत असताना मधेच कुणीतरी वेगळीच शिट्टी फुंकावी, तसे. नळीचे टोक किंवा तार आतल्या भिंतीला लागते, पेशीचे आवरण ताणले जाते, ताणाने उघडणाऱ्या सूक्ष्म वाटांतून विद्युतभारित कण आत शिरतात आणि तिथूनच एक ठोका सुटतो.

तो ठोका वेळेआधी पडतो. त्यानंतर हृदय जरा जास्त थांबते आणि मग नेहमीचा ताल पकडते. रुग्णाला छातीत धस्स झाल्यासारखे वाटते. ठोका चुकला असे आपण म्हणतो, पण खरे तर तो चुकलेला नसतो, लवकर पडलेला असतो. वरच्या कप्प्यातून असे एक-दोन ठोके आले तर त्याचे फारसे काही नाही. खालच्या कप्प्यातून एकामागोमाग एक येऊ लागले तर मात्र हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही, आणि रक्तदाब कोसळतो. हे क्वचित होते. पहिला उपाय औषध नव्हे. तार किंवा नळी मागे घेणे हा आहे. डिवचणारी वस्तू दूर झाली की बहुतेक वेळा ताल आपोआप परत येतो.

फोर्समन यांची नळी वरच्या कप्प्यात थांबली होती. ती खालच्या कप्प्यात उतरली असती तर एबर्सवाल्डेच्या त्या तळघरात काय झाले असते, याचा अंदाजच बांधता येतो. आज नळी घालताना मॉनिटर लावलेला असतो, शॉक देण्याचे यंत्र हाताशी असते. तिथे तसे काही नव्हते.

शाबासकीऐवजी सर्कशीचा टोमणा

५ नोव्हेंबर १९२९ रोजी त्यांचा शोधनिबंध एका प्रतिष्ठित जर्मन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात स्वतःवरच्या प्रयोगाबरोबर एका रुग्णाचीही नोंद आहे आणि ती आजच्या आयसीयूच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. पोटात पू पसरलेल्या, वाचण्याची आशा नसलेल्या त्या रुग्णाला शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून औषधे दिली गेली. काही काळ प्रकृती सुधारल्यासारखी दिसली, पण रुग्ण वाचला नाही. तरीही औषध थेट हृदयाजवळ पोहोचवण्यासाठी शिरेतली वाट वापरता येते, हे त्यातून दिसले. आज शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब सांभाळणारी तीव्र औषधे मानेतल्या नळीतून देतात ती याच कारणाने. हातातल्या बारीक शिरेत ती तासन्‌तास चालवली तर शीर आणि आसपासची कातडी जळते.

फोर्समन बर्लिनच्या शारिते रुग्णालयात पोहोचले खरे, पण तिथले सर्वेसर्वा फर्डिनांड झाउअरब्रूख यांना हे प्रकार रुचले नाहीत. असले खेळ सर्कशीत शोभतात, जर्मन रुग्णालयात नाही, अशा अर्थाचा त्यांचा शेरा वैद्यकाच्या इतिहासात सतत सांगितला जातो. एर्न्स्ट उंगर यांनी तर असे काम आपण आणि ब्लाइकश्रोडर यांनी १९१२ मध्येच केल्याचा दावा केला. त्यांच्याकडे एक्स-रेचा पुरावा नव्हता. फोर्समन यांच्याकडे होता. फोर्समन शारितेतून बाहेर पडले आणि एबर्सवाल्डेला परतले.

नाद काही सुटला नव्हता. एक्स-रेत दिसणारे द्रव्य नळीतून सोडले तर हृदयाचे आतले कप्पे चित्रात उमटतील, ही पुढची कल्पना होती. त्यासाठी कुत्र्यांवर प्रयोग केले, पुन्हा स्वतःवरही केले. आज अँजिओग्राफीत जे केले जाते त्याची ही सुरुवात. पण या कामालाही कुणी जवळ केले नाही. अखेर त्यांनी हृदय सोडून मूत्ररोगाची वाट धरली. १९३३ मध्ये डॉ. एल्सबेट एंगेल यांच्याशी लग्न झाले. त्याही पुढे मूत्ररोगतज्ज्ञ झाल्या. त्यांना सहा मुले झाली.

नाझी पक्षाचा सदस्य

फोर्समन यांच्यावरच्या अनेक गौरवलेखांत हा भाग एका ओळीत उरकला जातो. ते १९३२ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या आधीच, नाझी पक्षाचे सदस्य झाले. सत्ता आल्यावर नाइलाजाने केलेली ती सही नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते, मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले आणि शेवटी अमेरिकनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले. सुटल्यावर पक्षाच्या सदस्यत्वामुळे काही वर्षे त्यांना डॉक्टरकी करता आली नाही. जर्मनीच्या नैर्ऋत्येला, ब्लॅक फॉरेस्टच्या भागात त्यांच्या पत्नी गावोगावच्या रुग्णांना तपासून घर चालवत होत्या आणि फोर्समन लाकूडतोडीचे काम करत होते. १९५० पासून बाड क्रॉइत्सनाख या छोट्या शहरात ते मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून पुन्हा काम करू लागले.

या काळात अटलांटिकच्या पलीकडे त्यांची नळी कामाला लागली होती. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी १९४० नंतरच्या दशकात फोर्समन यांचे तंत्र पद्धतशीर वापरले. उजव्या हृदयातला दाब, रक्तातला ऑक्सिजन, दर मिनिटाला हृदय किती रक्त पुढे ढकलते, हे सगळे जिवंत माणसात मोजता येऊ लागले. जखमेच्या धक्क्याने कोसळलेल्या रुग्णांत शरीरात नेमके काय होते, हे आकड्यांत कळू लागले. १९५६ चे वैद्यकाचे नोबेल या दोघांना आणि फोर्समन यांना मिळून जाहीर झाले. त्या दिवसापर्यंत बाड क्रॉइत्सनाखमध्ये मूतखडे आणि प्रोस्टेटचे रुग्ण तपासणारा हा डॉक्टर कोण आहे, हे त्याच्या अनेक रुग्णांनाही माहीत नसावे.

मग ही नळी ऑपरेशन थिएटरबाहेर, आयसीयूत कशी आली?

मधला दुवा आहे तारेचा. स्वीडनचे स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये शीर न कापता नळी घालण्याची पद्धत दिली. आधी सुई, सुईतून तार, सुई काढून तारेवरून नळी, मग तार बाहेर. आजही मानेतली नळी अशीच घालतात. ठोक्यांची पहिली गडबड अनेकदा नळीने नव्हे तर या तारेने होते. तार साधारण अर्धा मीटर किंवा त्याहून लांब असते. उजव्या मानेपासून हृदयाच्या वरच्या कप्प्यापर्यंतचे अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी. सगळी तार आत ढकलली तर ती हृदयात पोहोचणारच. म्हणून तारेवर ठरावीक अंतरावर खुणा असतात आणि घालणाऱ्याचे एक लक्ष त्या खुणांवर, दुसरे मॉनिटरच्या आवाजावर असते.

दुसरा दुवा लॉस एंजलिसमधला. जेरेमी स्वान हे आयर्लंडमध्ये जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांत फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नळी न्यायची असे, आणि वाटेत उजव्या खालच्या कप्प्यात ती भिंतीला ठोसे मारत जाई. आधीच दुखावलेल्या हृदयाला हे सोसत नसे, ठोके बिघडत. १९६७ मध्ये सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर वारा पडलेला असतानाही एक शिडाची होडी फुगलेल्या शिडावर पुढे सरकताना स्वान यांनी पाहिली, अशी ती प्रसिद्ध हकिकत आहे. नळीच्या टोकालाही असेच शीड लावले तर रक्ताचा प्रवाहच तिला ओढून नेईल. विल्यम गँझ यांच्यासोबत काम करून शिडाच्या जागी फुगा आला आणि १९७० मध्ये स्वान-गँझ कॅथेटर जगापुढे आले. फुग्यात जेमतेम दीड मिलिलिटर हवा मावते. फुगला की तो टोकाच्या थोडा पुढे येतो आणि नळीचे कडक टोक भिंतीला थेट लागत नाही. ठोके बिघडण्याचे प्रमाण त्यामुळे कमी झाले. शून्य झाले नाही.

हार्ट ब्लॉक म्हणजे ब्लॉकेज नव्हे

इथे आपल्याकडे हमखास होणारा एक गोंधळ. आयसीयूत डॉक्टर हार्ट ब्लॉक झाला म्हणतात तेव्हा नातेवाइकांना वाटते, बायपास केलेली नस पुन्हा बंद पडली. पण हा ब्लॉक विजेच्या वाटेतला आहे, रक्ताच्या वाटेतला नाही. पाण्याची पाइपलाइन फुटणे आणि मोटारीची वायर तुटणे यांत जो फरक, तोच.

खालच्या उजव्या कप्प्यात विजेची उजवी फांदी आतल्या पातळ अस्तराच्या अगदी खालून जाते. फुप्फुसाच्या धमनीकडे निघालेली नळी तिला घासली तर फांदी काही काळ बधिर होते. अशा नळ्या घालताना शंभरातील साधारण तीन ते सहा जणांत हे झाल्याचे अनुभव नोंदवलेले आहेत. बहुतेकांत काही तासांत वाट पूर्ववत होते, आणि डावी फांदी शाबूत असल्याने तोवर काम चालते. प्रश्न येतो तो ज्यांची डावी फांदी आधीपासूनच निकामी आहे त्यांचा. त्यांच्यात उजवीही बंद पडली तर वरचा इशारा खाली पोहोचतच नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधीचा साधा ईसीजी पाहिला जातो आणि अशा रुग्णांत पेसिंगची सोय तयार ठेवूनच नळी घातली जाते.

हेही फोर्समन यांच्याच वाटेचे दुसरे टोक. नळीच्या स्पर्शाने ठोका सुटतो, तर मुद्दाम, मोजून, विजेच्या स्पर्शाने ठोका सोडवता का येऊ नये? न्यूयॉर्कमध्ये सेमूर फरमन यांनी १९५८ मध्ये शिरेतून तार हृदयात नेऊन बंद पडू पाहणारे हृदय बाहेरून चालवले. आजचे तात्पुरते पेसमेकर त्यातून आले.

आज आयसीयूत काय पाहिले जाते?

साध्या सेंट्रल लाइनचे टोक हृदयाच्या आत नव्हे, तर हृदयात उघडणाऱ्या मोठ्या शिरेच्या खालच्या भागात असावे लागते. नळी घातल्यावर छातीचा एक्स-रे काढतात तो यासाठीही. काही ठिकाणी नळीतूनच ईसीजी घेतात. टोक त्या विजेच्या पुंजक्याजवळ सरकू लागले की रेघेतली पहिली छोटी लाट उंच होत जाते, आणि पडद्यावरून टोकाची जागा कळते. अभियांत्रिकीच्या भाषेत नळी स्वतःच सेन्सर होते.

एकदा नीट बसवलेली नळीही हलते. रुग्ण कुशीवर वळला, मान फिरवली, हातातून घातलेली लांब नळी असेल आणि हात छातीजवळ घेतला, तर टोक एक-दोन सेंटीमीटर पुढेमागे होते. बसल्यावर ठोके ठीक आणि आडवे झाल्यावर बिघडलेले असे दिसले तर नळीकडे बोट जाते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी झालेले असेल, ऑक्सिजन कमी पडत असेल, अंग थंड असेल, तर हृदय आधीच चिडलेले असते आणि एरवी सोसले असते तेवढ्या स्पर्शानेही बिथरते. शस्त्रक्रियेनंतर दर काही तासांनी रक्ताची सिरिंज भरून नेतात आणि नातेवाईक इतके रक्त कशाला म्हणून कुरकुरतात, त्यातले बरेचसे नमुने याच तपासण्यांसाठी असतात.

मात्र प्रत्येक गडबडीचा दोष नळीवर टाकता येत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी वरचे कप्पे अनियमित फडफडू लागणे हे चारांतील एका रुग्णात तरी दिसते. त्याचे कारण मुख्यतः शस्त्रक्रियेची सूज, वय आणि शरीरावरचा ताण. तिथे नळी मागे घेऊन काही होत नाही, औषधे लागतात, कधी शॉकही.

स्वान-गँझ नळीचा भर मात्र ओसरला आहे. एकेकाळी मोठ्या रुग्णालयांत ती जवळपास सवयीने घातली जाई. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने तिच्या फायद्यावरच शंका घेतली. २००३ मध्ये शस्त्रक्रियेच्या १,९९४ जोखमीच्या रुग्णांवर आणि २००५ मध्ये ब्रिटनमधल्या आयसीयूतील हजाराहून अधिक रुग्णांवर चाचण्या झाल्या. सरसकट नळी घातल्याने जास्त जीव वाचतात, असे काही दिसले नाही. आता ती निवडक रुग्णांत वापरतात, बाकी मोजमाप बऱ्याच अंशी सोनोग्राफीच्या तंत्राने होते. साधी सेंट्रल लाइन मात्र हटलेली नाही आणि लवकर हटण्यासारखीही नाही. नातेवाइकांनी राउंडच्या वेळी डॉक्टरांना विचारण्यासारखा एक प्रश्न आहे : ही नळी अजून लागते आहे का? जितके दिवस ती आत, तितका जंतुसंसर्गाचाही धोका. त्यामुळे चांगल्या आयसीयूत हा प्रश्न डॉक्टर स्वतःलाच रोज विचारतात.

नोबेलनंतरचे फोर्समन

नोबेलनंतर मानसन्मान आले, मोठे पदही चालून आले. हृदयसंशोधनाच्या एका जर्मन संस्थेचे प्रमुखपद त्यांना देऊ केले होते. त्यांनी ते नाकारले. पंचवीस वर्षांत हृदयाचे शास्त्र कुठल्या कुठे गेले होते आणि आपण त्यात मागे पडलो आहोत, हे त्यांना ठाऊक होते. ते शस्त्रक्रिया आणि मूत्ररोग याच कामात राहिले. १९७२ मध्ये आत्मचरित्र आले, ज्यात डिट्झन, आरसा आणि नडगीवरची लाथ हे सगळे आहे.

१ जून १९७९ रोजी ब्लॅक फॉरेस्टलगतच्या शॉप्फहाइम येथे वयाच्या ७४ व्या वर्षी फोर्समन यांचे निधन झाले. कारण हृदयविकार. तोवर स्वान-गँझ कॅथेटर येऊन नऊ वर्षे झाली होती आणि १९२९ मधला तो एक्स-रे, डाव्या हातातून खांद्याकडे आणि तिथून उजव्या वरच्या कप्प्यात उतरणारी ती बारीक काळी रेघ, वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत छापली जात होती.